साठावी चूल

बहिरूने शिडी दोन्ही हातांनी धरली होती आणि वर उभा राहून वाल्मीक पेंटर तेविसातला तीन रंगवत होता. चावडीची भिंत आदल्या दिवशी चुन्याने पांढरी केली होती. तिच्यावर निळ्या रंगात गावाचं नाव, धामणमाळ, तालुका इगतपुरी. त्याखाली सन १९९७. आणि मग तीन ओळी. हातपंपावर पाणी भरणाऱ्या चुली ४३ टक्के. विहिरीवर ३३ टक्के. झिऱ्यावर २३ टक्के.

वाल्मीक खाली उतरला. ब्रश रॉकेलच्या डब्यात बुचकळून तो थोडा मागे सरला आणि भिंतीकडे बघू लागला. अक्षर कसं आलंय ते त्याला बघायचं होतं. सरपंच सावळीराम आकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते.

"नव्व्याण्णव होत्यात," तो म्हणाला.

"काय नव्व्याण्णव?"

"बेरीज. शंभराला एक कमी हाय. एक टक्का कुठं गेला?"

चावडीवर बसलेले सगळे भिंतीकडे बघायला लागले. बहिरूने शिडी सोडली आणि तोही बघायला लागला. त्याला टक्के कळत नव्हते, पण काहीतरी कमी पडलंय हे कळलं.

गावाला नळयोजना यायची होती. दर चुलीला एक नळ. त्याआधी गावाने गावांच्या एका स्पर्धेत भाग घेतला होता आणि तिची समिती दोन दिवसांनी नाशिकहून येणार होती. भिंत तिच्यासाठी रंगवली होती. आकडे चैत्रात काढलेले होते. नाशिकच्या एका संस्थेतली तृप्ती नावाची मुलगी घोटीहून एसटीने यायची. तिने चावडीसमोर गेरूने गावाचा नकाशा काढला होता, ओढा, त्याच्या काठचा पाणी झिरपणारा झिरा, विहीर, हातपंप, देऊळ, सगळी घरं. प्रत्येक घरच्या माणसाने येऊन आपल्या घराच्या जागी चिंचोका ठेवायचा. एका चुलीचा एक चिंचोका. एका छपराखाली दोन भाऊ वेगळं शिजवत असतील तर दोन, आणि दोन घरं एकत्र जेवत असतील तर एक. गावाला हे समजावून सांगावं लागलं नाही. गाव पहिल्यापासून असंच मोजत आलं होतं. लग्नाचं आवतणही चुलीला जायचं आणि देवाची वर्गणीही चुलीला बसायची.

बहिरूनेही एक चिंचोका ठेवला होता. त्याची बायको नवसाबाई त्या चैत्राच्या आदल्या श्रावणात वारली होती. तेव्हापासून तो समोरच, पुतण्याकडे, चंदरकडे, दोन्ही वेळा जेवत होता. चिंचोका ठेवताना त्याच्या हे मनातही आलं नव्हतं. नकाशात त्याचं घर होतं, म्हणून त्याने ठेवला. कोणी काही बोललं नव्हतं.

"ताईला इचारा," कोणीतरी म्हणालं.

तृप्ती देवळाच्या पायरीवर बसून समितीला दाखवायचे कागद लावत होती. ती उठून आली. भिंत बघून तिला हसू आलं, मग सरपंचाचा चेहरा बघून तिने ते आवरलं.

"काही गेलं नाही, सरपंच. चुली साठ आहेत. हातपंपावर सव्वीस, विहिरीवर वीस, झिऱ्यावर चौदा. झाल्या ना साठ?"

"झाल्या."

"आता त्याचे टक्के काढले की हातपंपाचे येतात त्रेचाळीस आणि वर थोडं. विहिरीचे तेहेतीस आणि वर थोडं. झिऱ्याचे तेवीस आणि वर थोडं. ते वरचं अर्ध्यापेक्षा कमी होतं, म्हणून तिन्हीकडचं सोडून दिलं. ते तिन्हीकडचं थोडं थोडं मिळून तुमचा एक टक्का."

"मंग सोडलं कशाला?"

"भिंतीवर बरं दिसत नाही म्हणून."

"आन् आता बरं दिसतंय व्हय?"

ग्रामसेवक धनराज खुर्चीवर बसून ऐकत होता. तो शिकलेला होता आणि खिशात कॅल्क्युलेटर बाळगायचा. तो म्हणाला की वरचं थोडंसुद्धा लिहून टाकू, त्यात काय. त्याने बटणं दाबली आणि वाल्मीकला आकडे सांगितले. वाल्मीकने प्रत्येक आकड्यापुढे एक टिंब आणि दोनदा तीन खडूने लिहून बघितले. त्रेचाळीस पॉइंट तेहेतीस. तेहेतीस पॉइंट तेहेतीस. तेवीस पॉइंट तेहेतीस. धनराजने बेरीज केली आणि कॅल्क्युलेटर एकदा झटकला.

"काय आलं, भाऊसाहेब?"

"नव्व्याण्णव पॉइंट नव्व्याण्णव."

"म्हंजी अजून चिमूटभर कमीच."

"कितीही तीन लिहिले तरी चिमूटभर कमीच राहणार," तृप्ती म्हणाली. "ते तसंच असतं."

वाल्मीकने खडू फडक्याने पुसला. मग कोणीतरी सुचवलं की एक टक्का कुठंतरी वाढवून टाका आणि मोकळे व्हा. ते सगळ्यांना पटलं, पण कुठं वाढवायचा यावर अडलं. झिऱ्यावरचे म्हणाले, आमच्या बायका सगळ्यांत लांब जातात, आमच्यात घाला. विहिरीवरच्यांनी का म्हणून, असं विचारलं. हातपंपावरचे म्हणाले की चुली आमच्या जास्त, तर टक्काही आमचा. पाइप कुठल्या बाजूने टाकायला सुरुवात होणार हे भिंतीवरून ठरणार आहे, असा सगळ्यांचा समज झाला होता. तृप्तीने तसं काही नाही म्हणून दोनदा सांगितलं.

"पर हा एक टक्का म्हंजी चुली किती?" सावळीरामने विचारलं.

धनराजने परत बटणं दाबली. "एक चूलसुद्धा नाही. अर्ध्या चुलीपेक्षा थोडी जास्त."

"अर्धी चूल," फकिरा म्हणाला. फकिराचं तोंड कधी बंद नसायचं. "मंग सापडली की. अर्धी चूल आपल्या गावात एकच हाय. बहिरूनानाची."

लोक हसले. बहिरूही हसला. त्याने कनवटीची तंबाखूची पिशवी काढली आणि चुना शोधायला लागला. चुना डबीत वरच होता, तरी त्याला तो सापडायला वेळ लागला. तोवर हसणं थांबलं होतं.

धनराज हसला नव्हता. तो कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत होता. "थांबा," तो म्हणाला. "नाना, तुम्ही जेवता चंदरकडे ना?"

"हां."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही येळा."

"मग तुमची चूल वेगळी कशी धरली? चंदर पण झिऱ्यावरच भरतो. म्हणजे झिऱ्यावर चौदा नाहीत, तेरा. एकूण एकोणसाठ." तो एकेक आकडा मोठ्याने वाचत गेला. "हातपंप चव्वेचाळीस. विहीर चौतीस. झिरा बावीस."

सावळीरामचे ओठ हलले. "शंभर," तो म्हणाला.

इतका वेळ जुळत नव्हतं ते एका चुलीने जुळलं होतं. चूक कुठं होती ते सापडलं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अहो, हा योगायोग आहे," तृप्ती म्हणाली. "त्यांच्या चुलीचा आणि ह्याचा काही संबंध नाही. आकडे बदलले की उरलेलं पण बदलतं. यावेळी जुळलं, एवढंच."

"जुळलं ना पर," सावळीराम म्हणाला. "आन् भाऊसाहेब खोटं बोलत नाय. नाना जेवतो चंदरकडंच."

"मग त्यांच्या घराला नळ?"

"चंदरच्या दारात येईल की. तिथून भरतील," धनराज म्हणाला. "योजना चुलीवर आहे, ताई. घरावर नाही. तुम्हीच तर चिंचोके ठेवायला लावले."

तृप्तीने चंदरकडे बघितलं. चंदर खांबाला टेकून उभा होता. सगळे आपल्याकडे बघताहेत हे बघून तो सरळ झाला. तो चांगला माणूस होता. चुलत्याला सांभाळतो म्हणून गावात त्याला नाव होतं.

"नाना आमचेच हायेत," तो म्हणाला. "येगळे काढायचे नायत आपल्याला. आमच्याच चुलीत धरा."

हे ऐकून लोकांनी माना डोलावल्या. बहिरूनेही मान हलवली.

"उद्या सकाळी रंगव मंग," सावळीराम वाल्मीकला म्हणाला. "आता उजेड गेला."

बहिरू घरी आला आणि ओट्यावर बसला. अंगणात कोपऱ्याला एक सपाट दगड पुरलेला होता. नळ येणार अशी पहिली बातमी आली होती तेव्हा नवसाबाईने तो ओढ्यातून आणवला होता. नळ इथं बसवायचा, म्हणजे हंड्याखाली चिखल होणार नाही, असं तिने ठरवलं होतं. दगड आणायला चंदरची बायको तानुबाई तिच्याबरोबर होती. दोघींनी तो कांबळ्यात घालून दोन टोकांना धरून आणला होता आणि वाटेत तीन ठिकाणी टेकवला होता. नळ आला नाही. नवसाबाई झिऱ्यावर जात राहिली आणि दगडावर भांडी घासत राहिली.

बहिरूला एकट्याला पाणी किती लागणार होतं. एक हंडा त्याला दिवसभर पुरायचा. पण नळ यायचा तर त्या दगडापाशी यावा, एवढं त्याला वाटत होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला वाटत नव्हतं.

समोरून तानुबाईने हाक मारली. तो उठून जेवायला गेला. ताटात भात आणि उडदाचं पिठलं होतं. चंदरने चावडीवर काय झालं ते बायकोला सांगितलं. शंभर कसे जुळले तेही सांगितलं. तानुबाई चुलीपुढे बसून होती. तिने लाकूड आत सारलं.

"आन् तुम्ही काय म्हनले?" तिने नवऱ्याला विचारलं.

"म्हनलं, नाना आमचेच हायेत."

"बरं म्हनले," ती म्हणाली. बहिरूच्या ताटात तिने अजून एक डाव भात वाढला. तो नको म्हणायच्या आत वाढला.

सकाळी वाल्मीक भिंतीशी आला तेव्हा बहिरू शिडी धरायला गेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण काल त्यानेच धरली होती. वाल्मीकने त्रेचाळीस पुसायला चुन्यात फडकं बुडवलं, तेवढ्यात तानुबाई चावडीकडे येताना दिसली. डोक्यावरचा पदर तिने कमरेला खोचला होता. बायका चावडीवर अशा येत नसत.

"लिहिताय ना?" ती धनराजला म्हणाली. "मंग नीट लिहा. आजपसून यांची चूल येगळी."

"काय झालं?"

"काय झालं ते यांना इचारा. काल भातात खडा लागला तर ताटावर तोंड फिरवून बसले. रोज मीठच जास्त, रोज पिठलंच पातळ. म्या काय यांची मोलकरीन हाय? माझ्या हातचं गोड लागत नाय, तर आपलं करून खावा म्हनावं."

बहिरूने शिडी सोडली. काल भातात खडा नव्हता. मिठाबद्दल तो कधीच काही बोलला नव्हता. तिच्या हाताला चव होती, आणि नसती तरी तो बोलला नसता. त्याने तोंड उघडलं.

"अगं, म्या कधी..."

"आता बोलू नका, मामंजी. वरीसभर ऐकलं म्या."

चंदर धावत आला. "तानू, गप बस. लोक बघत्यात."

"बघू द्या. लोकांसमोरच सांगते. आजपसून माझ्या चुलीवर यांचं शिजनार नाय."

"काय बाई हाय," फकिरा म्हणाला. "म्हाताऱ्याला भाकर जड झाली."

तानुबाईने ते ऐकलं. तिचा चेहरा लाल झाला, पण ती हलली नाही. ती धनराजच्या हातातल्या चुलींच्या यादीकडे बघत उभी राहिली. धनराजने सरपंचाकडे बघितलं. भांडण होऊन चूल वेगळी झाली की ती वेगळी, यावर गावात वाद नसायचा. कितीतरी चुली अशाच वेगळ्या झाल्या होत्या. सावळीरामची स्वतःची अशीच झाली होती.

"साठ धरा मंग," सावळीराम वैतागून म्हणाला. "बायकांच्या तोंडी कोन लागनार."

धनराजने साठ लिहिले. ते बघून तानुबाई वळली आणि गेली. जाताना तिने बहिरूकडे बघितलं नाही. तृप्ती तिच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग आता परत नव्व्याण्णव," धनराज म्हणाला.

"असू द्या," तृप्ती म्हणाली. "वाल्मीकदादा, खाली एक ओळ लिहा. आकडे पूर्णांकात लिहिल्यामुळे बेरीज शंभर येईलच असे नाही."

"जागा नाय तेवढी."

"बारीक लिहा."

वाल्मीकने बारीक लिहिली. शिडी लागली नाही, ती ओळ खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर आली.

संध्याकाळी बहिरू ओट्यावर बसून राहिला. समोर चंदरच्या घरात ताटं वाजली. हाक आली नाही. थोड्या वेळाने चंदर बाहेर आला.

"नाना, दोन दिस जाऊ द्या. डोकं फिरलंय तिचं. म्या ताट आनतो इथं."

"नको," बहिरू म्हणाला. "घरात हाय पीठ."

तो आत गेला. चुलीच्या एका बाजूला चीर गेली होती आणि आत उंदरांनी भाताचा तूस आणून ठेवला होता. त्याने तो काढला. चिरेत ओली माती भरली. ही चूल वाडीत सगळ्यांत आधी पेटायची. पावसाळ्यात काडेपेट्या सादळल्या की वाडीतल्या बायका शेणी घेऊन नवसाबाईच्या दारात उभ्या राहायच्या आणि विस्तव घेऊन जायच्या. ती रात्री निखारे राखेत पुरून ठेवायची, ते सकाळपर्यंत जगायचे. ती गेल्यावर कोणी आलं नाही. यायचं कारण नव्हतं.

बहिरूने पेंढा आणि रॉकेल टाकून चूल पेटवली. ओल्या मातीचा वास आला आणि घरभर धूर झाला. नागलीचं पीठ मळलं, ते हाताला चिकटत राहिलं. पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. दुसरीही मोडली. त्याने तुकडे भाजले, मिरची आणि मिठाबरोबर खाल्ले आणि तांब्याभर पाणी प्याला. मीठ जास्त झालं होतं. तानुबाई एवढी का चिडली असेल, याचा तो झोप येईपर्यंत विचार करत होता. आपण कधीतरी काही बोललो असू आणि विसरलो असू, असंही त्याला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी समितीची जीप आली. तीन माणसं होती. त्यांनी नारळाचं पाणी घेतलं, शाळा बघितली, संडास किती म्हणून विचारलं, हातपंप दोनदा हापसून बघितला. भिंतीसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढला. बेरीज कोणी केली नाही. एकाने खालची बारीक ओळ वाचायला थोडं वाकून बघितलं आणि तो सरळ झाला. मग जीप गेली.

"उगा जीव काढला," सावळीराम म्हणाला.

फकिरा तानुबाईबद्दल काहीतरी बोलला आणि तिघं-चौघं हसले. विहिरीवरच्या बायकाही कालपासून तिचंच बोलत होत्या. चंदर खाली मान घालून घराकडे गेला.

दिवेलागणीला बहिरू चुलीपुढे बसला होता. आज चूल लवकर पेटली होती. काल रात्री त्याने निखारे राखेत पुरून ठेवले होते. त्यातला एकच जगला होता, पण तेवढा पुरला. पहिली भाकरी मोडली. दुसरी तव्यावर होती आणि अजून आख्खी होती.

दारात सावली पडली. तानुबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. तिच्या हातात फुटक्या मडक्याची खापरी होती.

"मामंजी, विस्तव द्या," ती म्हणाली. "आमचा इझला."

बहिरूने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरून समोर बघितलं. चंदरच्या घराच्या कौलांमधून धूर निघत होता. थंडीमुळे तो हलत नव्हता, सरळ वर जात होता.

त्याने चिमटा घेतला, चुलीतले दोन चांगले निखारे निवडले आणि खापरीत ठेवले. थोडं थांबून अजून एक ठेवला.

तानुबाई तव्याकडे बघत होती. "पिठाला उकळतं पानी घ्या," ती म्हणाली. "मंग मोडायची नाय."

"बरं."

ती वळली. अंगणात तो सपाट दगड होता, त्याला वळसा घालून ती गेली. तिचं घर समोरच होतं. पण ती तिकडे गेली नाही. खापरी दोन्ही हातांनी पुढे धरून, निखारे सगळ्यांना दिसतील अशा बेताने, ती फकिराच्या दारावरून चावडीच्या वाटेने गेली.